लोकमान्य नगरातल्या आमच्या गेटचे खांब, आणि ते बसवून देणारं बिनपाटीचं दुकान

काम मे महिन्यात झालं आणि लिहिते आहे आत्ता, नोव्हेंबरात. मुद्दाम थांबले. गेटचा खांब ज्या दिवशी बसवतात त्या दिवशी कोणाचाही सरळच दिसतो. इंदूरच्या काळ्या मातीत तो खरोखर सरळ उभा आहे की नाही, हे एक पावसाळा अंगावर गेल्याशिवाय कळत नाही. काल सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं, मी डबे घेऊन बाहेर गेले आणि एका बोटाने कडी उचलली. दोन वर्षं हीच कडी उचलायला गेट गुडघ्याने वर रेटावं लागत होतं. म्हटलं, आता लिहायला हरकत नाही.

आमचं घर 1974 चं, सासऱ्यांनी बांधलेलं. गेटही त्यांनीच समोर उभं राहून करवून घेतलेलं. दोन पल्ले, प्रत्येक पाच फूट रुंद, भरीव चौकोनी सळ्यांचे. मधोमध उगवता सूर्य आहे, अर्धा एका पल्ल्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर. गेट लावलं की सूर्य पुरा होतो. मुलं लहान असताना गेट लावायचं काम भांडून मागून घ्यायची, ते या सूर्यासाठी. हे सांगायचं कारण एवढंच, की खांब कलला की आमच्याकडे ते ओळंब्याशिवाय दिसतं. उजवा खांब जसजसा झुकत गेला तसतशी सूर्याची दोन अर्धी वरखाली होत गेली. या वर्षी होळीपर्यंत फरक दोन बोटांचा झाला होता आणि पल्ला फरशीवर घासून तिथे पांढरा चाप उमटला होता.

मूळचे खांब विटांचे होते. सहा वर्षांपूर्वी समोरचा रस्ता नवा होऊन उंच झाला, तेव्हा ते पाडावे लागले आणि एका ठेकेदाराने त्यांच्या जागी लोखंडी पाईप उभे केले. त्याचं नाव लिहीत नाही. तेव्हा ह्यांची बदली झाबुआला होती, घरात मी आणि सासूबाई. एका दुपारात दोन्ही खांब उभे राहिले, तिसऱ्या दिवशी पल्ले टांगले, पैसे चुकते झाले. बाजूच्या रिकाम्या प्लॉटकडच्या तारेच्या कुंपणाचे खांबही त्यानेच दुरुस्त केले होते. आठांपैकी सहा आता हाताने हलत होते.

या वर्षी दुरुस्ती काढली तेव्हा आधी दोघांना बोलावलं होतं. एकाने सांगितलं, बुडाशी चार पट्ट्या वेल्ड करून देतो. दुसरा म्हणाला, भोवती अजून सिमेंट ओततो, हलणार नाही. दोघांनीही खाली वाकून पाहिलं नाही. मग शेजारच्या वहिनींनी महू नाक्याकडच्या एका गल्लीतलं दुकान सांगितलं. दुकानाला पाटी नाही. बाहेर अँगल आणि पाईप उभे टेकवलेले असतात, आत एक जुना वजनकाटा आहे, आणि भिंतीवर त्या दिवशीचा लोखंडाचा भाव खडूने लिहिलेला असतो. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणते.

उस्ताद पाहायला आले ते गेटकडे न बघता थेट खांबाच्या बुडाशी उकिडवे बसले. “भाभीजी, एक लोटा पानी देना.” मला वाटलं, प्यायला. त्यांनी ते पाणी खांबाच्या मुळाशी ओतलं आणि बघत राहिले. पाणी वाहून गेलं नाही. सिमेंट खांबाभोवती वाटीसारखं खोल होतं, त्यात ते साचून राहिलं. मी रोज सकाळी अंगण धुते. म्हणजे सहा वर्षं रोज मी त्या वाटीत पाणी भरत होते. मग त्यांनी खिशातला पेचकस काढून पाण्याच्या रेषेवर पाईपाला टेकवला आणि नुसता दाबला. तो आत गेला. हातोडी नाही, जोर नाही, भाजलेल्या पापडात बोट जावं तसा.

पुढे खांब कापून काढला तेव्हा त्याचा तुकडा त्यांनी मला उन्हात नेऊन दाखवला, तो मी अजून ठेवला आहे. जमिनीच्या वर वीतभर अंतरावर पाईप ठीक. जमिनीच्या रेषेवर चार बोटं रुंदीचा पट्टा चाळणी झालेला, आतून काळा चिखल भरलेला. आणि त्याच्याखाली, जिथे तो सिमेंटमध्ये घट्ट धरलेला होता तिथे, पाईप नव्यासारखा होता, कारखान्यातून आल्यावर असतो तसा निळसर. माझी आत्तापर्यंत समजूत होती की गाडलेला भाग आधी सडतो. ह्यांनी समजावलं की सिमेंट चुन्यासारखं अल्कधर्मी असतं, लोखंडाला त्यात गंज धरत नाही. गंजतं ते पाणी आणि हवा दोन्ही जिथे मिळतात तिथे, म्हणजे काँक्रीट संपतं नेमक्या त्या रेषेवर. शिवाय वरचं तोंड उघडं ठेवलेलं, त्यामुळे पावसाचं पाणी आतही उतरत होतं. दोन मिलीमीटर जाडीचा पाईप दोन्ही बाजूंनी खाल्ला गेला. पाईपाला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्या वाटीच्या जागी उतार असता आणि वर एक टोपी असती तर हाच हलका पाईप कितीतरी वर्षं उभा राहिला असता.

पण कलण्याचं कारण वेगळं निघालं, ते खणल्यावर कळलं. मशीनने फोडायच्या आधी उस्तादांनी विचारलं, नर्मदेची लाईन कुठून येते? हा प्रश्न विचारणारा कारागीर इंदुरात भेटला की त्याच्या हाती काम द्यावं. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंप होऊन इथे येतं, आणि आमच्या घरी ते दिवसाआड येतं. त्या नळीवर मशीन बसलं असतं तर काय झालं असतं हे इथल्या बाईला सांगायला नको. लाईन उजव्या खांबापासून हातभर अंतरावर होती. त्या बाजूने त्यांनी मशीन लावलंच नाही, पोराला सब्बल आणि खुरपं देऊन हाताने खणायला बसवलं. अर्धा दिवस त्यात गेला आणि त्याबद्दल त्यांनी वेगळं काही मागितलं नाही.

काँक्रीटचा गोळा बाहेर आला तो जेमतेम सव्वा फूट खोल. वर पसरट, खाली निमुळता, छत्रीसारखा. आत विटांचे रोडे आणि सिमेंटच्या पोत्याचा एक तुकडा होता. ह्यांचं सगळं आयुष्य बांधकाम खात्यात गेलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, काळ्या मातीत यापेक्षा वाईट आकार शोधून सापडणार नाही. माळव्याची ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पसरट टोपीच्या गोळ्याला फुगणारी माती खालून उचलते, भेगा पडल्या की तो पुन्हा खाली बसतो, पण जागेवर बसत नाही. दर वर्षी थोडा उचल, थोडा कल. त्यात वजनदार पल्ला एकाच बाजूला लटकलेला.

म्हणून उस्तादांनी उलटा आकार घेतला. खड्डा दीड फूट चौरस, भिंती सरळ, आणि तळाशी चारी बाजूंनी चार-चार बोटं आत कोरून रुंद केलेला, बुडाला पाय असलेल्या घागरीसारखा. माती वर ढकलायला लागली तर हा पाय धरून ठेवतो. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने काळ्या मातीतल्या घरांसाठी बुडाशी फुगा असलेले पायाचे खांब विकसित केले, तत्त्व तेच, असं हे म्हणाले. उस्तादांना रुडकी माहीत नव्हती, त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. खोलीचा आकडा त्यांनी आधी सांगितलाच नव्हता. मुरूम लागेपर्यंत खणायचं, इतकंच. आमच्याकडे सव्वातीन फुटांवर काळी माती संपली आणि पिवळसर मुरूम लागला. त्यात ते आणखी पाऊण फूट उतरले. एकूण चार फूट. पोरगा खड्ड्यात उभा राहिला की त्याचं डोकं आणि खांदे तेवढे बाहेर दिसायचे.

जुन्या गोळ्यात नवा पाईप घुसवून काम भागेल का, हेही मी विचारलं होतं, कारण खर्च अर्ध्याने कमी झाला असता. त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही. कुंपणाच्या दोन खांबांच्या बाबतीत तेच केलं. तिथला गोळा खोल होता, हलत नव्हता, वरचा पाईप तेवढा सडला होता. तो जमिनीलगत कापला, जुन्या दोन इंची पाईपाच्या आत दीड इंची जाड पाईप उतरवला, मधल्या फटीत पातळ सिमेंट ओतलं आणि वर उतार दिला. खणायला लागलं नाही. पण गेटच्या गोळ्यावर पाय ठेवून त्यांनी मला दाखवलं, तो पायाखाली डुलत होता. जे स्वतःच डुलतं त्यात नवा खांब कसा रोवणार?

पाईप आणायला मला बरोबर लोहा मंडीत नेलं. चार इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप, लाल पट्ट्याचा. पाईपावरचा रंगीत पट्टा त्याची जाडी सांगतो, पिवळा हलका, निळा मध्यम, लाल भारी. लाल पट्ट्याचा चार इंची पाईप मीटरला साडेचौदा किलो भरतो, त्यामुळे नऊ फुटांच्या एका खांबाचं वजन चाळीसच्या आसपास झालं. काट्यावर घालून मला आकडा दाखवला. कुंपणाच्या सहा खांबांना 50 बाय 50 बाय 6 मिलीमीटरचा अँगल घेतला.

जस्ताच्या थरावर वेल्डिंग केलं की तिथला थर जळतो आणि पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो. उस्तादांनी पोराला वारा येतो त्या अंगाला उभं केलं आणि बिजागरीच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढलं. वेल्डिंग झाल्यावर जळलेल्या भागावर जस्ताचा रंग दोन हात दिला. ही जागा बहुतेक कारागीर तशीच सोडतात आणि दोन वर्षांत तिथून तांबडे ओघळ सुरू होतात.

काँक्रीट 1:1.5:3, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी (खडी). गिट्टी वीस मिलीमीटरची, धुतलेली. इथे ह्यांनी खुर्ची टाकली आणि समोर बसले. एका पोत्याला 30 लिटरपेक्षा जास्त पाणी नको, काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, या मिश्रणासाठी (एम 20) तसं दिलं आहे, हे त्यांचं म्हणणं. उस्ताद 30 लिटर म्हणत नाहीत, दीड बादली म्हणतात. बादली वीस लिटरची. दोघांचं एकच निघालं, तेव्हा ह्यांनी खुर्ची आत नेली. पोरगा माल सैल व्हावा म्हणून अजून तांब्याभर ओतायला गेला, तर उस्तादांनी त्याचा हात धरला. सळईने टोचून टोचून माल बसवला. खांबाला ओळंबा दोन बाजूंनी लावून तीन बल्ल्यांचा आधार दिला. वरचा भाग फरशीपेक्षा दोन इंच उंच ठेवून चारी बाजूंना उतार काढला, थापीने गुळगुळीत केला. खड्ड्याभोवती जी माती निघाली ती परत भरली नाही, मुरूम आणून थरांनी ठोकला.

मग तराई, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारणं. मे महिन्याचं ऊन. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट होतं, त्यामुळे दहा दिवस ओलं ठेवायचं असं ठरलं. मी गोणपाट गुंडाळून दिवसातून चारदा पाणी घालत होते, दुपारी एकच्या सुमारास गोणपाट कोरडं पडायचं. गेट चौदाव्या दिवशी टांगलं. तोवर त्या मोकळ्या जागेत पत्रा बांधून ठेवला होता, स्कूटर काढायची तर रोज सोडायचा, पुन्हा बांधायचा. घरात म्हातारं माणूस किंवा कुत्रं असेल तर या दोन आठवड्यांची सोय आधी करून ठेवा. लवकर टांगा म्हणून मीही एकदा फोन केला होता. त्यांनी ऐकलं नाही, ते बरं झालं.

टांगताना आणखी एक गोष्ट झाली. पल्ला काट्यावर 78 किलो भरला. आधीच्या ठेकेदाराने दोन बिजागऱ्यांत अडीच फूट अंतर ठेवलं होतं. उस्तादांनी खालची खाली आणि वरची वर सरकवून ते चार फूट केलं. ह्यांनी वहीच्या पानावर मांडून दाखवलं, पल्ल्याचं वजन मध्यापासून, म्हणजे अडीच फुटांवरून, खाली ओढतं. बिजागऱ्या अडीच फुटांवर असल्या तर वरच्या बिजागरीला 78 किलोची आडवी ओढ बसते, चार फुटांवर असल्या तर 49 ची. तेच गेट, तेच लोखंड, खर्च शून्य. नव्या बिजागऱ्या बेअरिंगच्या घातल्या, सियागंज बाजारातून आणल्या. दोन्ही खांबांच्या तोंडावर टोप्या वेल्ड केल्या.

कुंपणाबद्दल फारसं लिहीत नाही. दोन फूट खोल खड्डे, दोन्ही टोकांच्या खांबांना तारेच्या रेषेत आतल्या बाजूने तिरपे टेके, कारण ताणलेली तार टोकाचे खांब आत ओढते. मधल्यांवर तो ताण येत नाही. तार जुनीच वापरली, जिथे तुटली होती तिथे नवी जोडली.

खर्च सांगते, कारण मला आधी कोणी सांगितला नव्हता. गेटचे पाईप सुमारे 7,000, अँगल 3,800, सात पोती सिमेंट, रेती, गिट्टी आणि मुरूम मिळून 5,200, बिजागऱ्या, तार, जस्ताचा रंग वगैरे 3,500, आणि तीन माणसांची चार दिवसांची मजुरी मशीनसकट 12,000. एकूण 31,500 रुपये. आधीच्या दोघांनी सांगितलेल्या रकमेच्या हे तिपटीहून जास्त होतं. सामानाच्या पावत्या सगळ्या माझ्या हातात दिल्या.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. मंगळवारी येतो म्हणून शुक्रवारी आले, मधले दोन दिवस फोन उचलला नाही. मी पोर्चमधलं सगळं सामान हलवून बसले होते. गोळा बाहेर ओढताना अंगणातल्या दोन फरश्या फुटल्या. त्या बदलून दिल्या, पण रंग जुळत नाही आणि आल्यागेल्याला दिसतो. मलबा पोत्यांत भरून तीन दिवस गेटबाहेर राहिला. आमच्या गल्लीत कोणी घराबाहेर कागदाचा कपटासुद्धा राहू देत नाही, मला येणाऱ्याजाणाऱ्यासमोर फार ओशाळल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मी जरा आवाज चढवूनच बोलले तेव्हा संध्याकाळी गाडी आली. आणि रंगकाम त्यांच्याकडून करून घेऊ नका. पल्ल्यांवरच्या काळ्या रंगाचे ओघळ सूर्याच्या किरणांवर सुकले होते, ते मी दिवाळीच्या आधी बसून खरवडले.

पाऊस यंदा जूनच्या शेवटी लागला. जुलैत अंगणातली काळी माती फुगली, तुळशीवृंदावनाजवळची फरशी नेहमीप्रमाणे उचलली. ऑगस्टमध्ये आणि पाऊस संपल्यावर ह्यांनी दोनदा ओळंबा लावला. डावा खांब जिथे होता तिथेच आहे. उजव्याला दोऱ्याएवढाही फरक सापडला नाही. खांबाच्या बुडाशी पाणी थांबत नाही, अंगण धुताना मी मुद्दाम पाहते. सूर्याची दोन्ही अर्धी जुळलेली आहेत, आणि फरशीवरचा तो पांढरा चाप आता पुसट होत चालला आहे.

मागच्या बाजूला सिमेंटचे दोन तयार खांब आहेत, त्यांच्या आतली सळई फुगून कडा फुटायला लागल्या आहेत. ते जानेवारीत काढायचे असं उस्तादांशी बोलणं झालं आहे. तारीख मी या वेळी त्यांच्याच वहीत त्यांच्याकडून लिहून घेतली. दुकान शोधायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, त्यानंतर ते कामावर निघतात. जाताना जुन्या खांबाच्या बुडाचा फोटो काढून न्या. गेटचा फोटो ते बघत नाहीत.